वार आणि वाल

जुन्नर, ४ सप्टेंबर २०२५

आदेश,

फोन तू कापलास. रेंज गेली नव्हती. मी 'कॉटलिन' हा शब्द उच्चारला आणि पलीकडचा आवाज बंद झाला. नंतर तीनदा लावला, तिन्ही वेळा तू मीटिंगमध्ये होतास. म्हणून लिहिते. पत्र मध्येच कापता येत नाही.

तुला माहीत असलेल्या गोष्टीही लिहिणार आहे. हे पत्र उद्या आणखी कोणाला दाखवावं लागलं तर त्यालाही कळलं पाहिजे.

श्रेया माझ्या कॉम्प्युटर क्लासमध्ये दीड वर्ष आहे. कळंबहून येते, नारायणगावला गाडी बदलून. ऑगस्टमध्ये तिने पुण्यातल्या एका प्रशिक्षणासाठी परीक्षा दिली. एक वर्ष शिकायचं, राहायची सोय, नंतर नोकरी. परीक्षा घेण्याचं काम तुमच्या कंपनीकडे आहे. फॉर्मवर तिने प्रोग्रॅमची भाषा भरली पायथन. सोमवारी निकाल आला. शून्य. खाली कारण असं छापलंय: "उत्तराची भाषा कॉटलिन आढळली, खात्री ७१ टक्के. नोंदवलेल्या भाषेशी विसंगत. उत्तर बाहेरून उतरवलेले समजण्यात येत आहे." त्याखाली दोन वर्षांची बंदी, तुमच्यामार्फत होणाऱ्या प्रत्येक परीक्षेला. हरकत असेल तर २५ सप्टेंबरला सकाळी दहा वाजता पुण्याच्या कार्यालयात पुराव्यासह हजर राहायचं.

श्रेयाला कॉटलिन येत नाही. माझ्या क्लासमध्ये कोणालाच येत नाही. मला येत नाही.

प्रश्न साधा होता. आठवड्याचा वार दिला की त्या दिवशीचा भाजीचा दर छापायचा. तिचं उत्तर अकरा ओळींचं. सुरुवात अशी:

var = input()
val = 40
if var == "somvar":
    val = val + 10

पुढे आणखी तीन वार तसेच, आणि शेवटी print(val). var म्हणजे वार. val म्हणजे वाल, शेंगांची भाजी. आठ वर्षं मी हेच शिकवते. मशीनचे शब्द मशीनचे, आपले शब्द आपले. if आणि print मशीनचे. त्यांना हात लावायचा नाही. वार आणि वाल आपले. ती नावं आपण द्यायची. पोरांना पहिल्याच दिवशी दोन्हींतला फरक डोळ्यांनी दिसतो. तूही तसाच शिकलास.

गेल्या दिवाळीत तू पेढे घेऊन आला होतास. "मॅडम, आमचं मशीन चार ओळी बघून सांगतं, प्रोग्रॅमची भाषा कुठली." मी पेढा खाल्ला आणि वर्गाला टाळ्या वाजवायला लावल्या. श्रेयानेही वाजवल्या.

मला एवढंच सांग. ते मशीन कसं ठरवतं?

रुक्साना


पुणे, ८ सप्टेंबर

आदरणीय मॅडम,

पत्र मिळालं. फोनबद्दल माफ करा. टीम लीड शेजारीच बसतो. ऑफिसच्या मेलवर काही पाठवू नका, ते वाचले जातात. खोलीच्या पत्त्यावर पत्रच बरं.

मशीन वाचत नाही, मोजतं. दहा भाषांमधले लाखो तुकडे त्याला दाखवलेले आहेत. कुठल्या भाषेत कुठले शब्द आणि कुठली चिन्हं किती वेळा येतात, त्यावरून ते प्रत्येक शब्दाला एक वजन देतं. नवा तुकडा आला की वजनं लावतं आणि ज्या भाषेचं पारडं जड, ती सांगतं. val आणि var हे कॉटलिनमध्ये मशीनचे शब्द आहेत. तिथे ते पावलोपावली येतात. तुकडा मोठा असला तर बाकीचे शब्द तोल सांभाळतात. श्रेयाच्या अकरा ओळींत val दहा वेळा आलाय आणि var पाच वेळा. तोल गेला. ओळीच्या सुरुवातीच्या मोकळ्या जागा आम्ही मोजणीआधीच काढून टाकतो, कारण लोक मजकूर चिकटवतात तेव्हा त्या बिघडलेल्या असतात.

तरीही शंभरात सत्त्याण्णव वेळा ते बरोबर सांगतं. बाजारातल्या इतर मशीनपेक्षा हे जास्त आहे.

आणि मॅडम, मशीनने कोणाला चोर म्हटलेलं नाही. ते फक्त भाषा सांगतं. भाषा जुळली नाही तर उतरवलेलं समजायचं, हा नियम परीक्षा विभागाचा. माझा त्याच्याशी संबंध नाही.

एक विचारतो, राग मानू नका. मुलीने स्वतःच लिहिलंय याची तुम्हाला खात्री आहे ना? मोबाईल आता सगळ्यांच्या हातात आहे.

पुढच्या बॅचला इंग्रजी नावं द्यायला सांगा. day, beans. त्रास वाचेल.

क्लासच्या खालच्या दुकानात परवेजभाईंना सलाम सांगा.

तुमचा विद्यार्थी,
आदेश


जुन्नर, ११ सप्टेंबर

आदेश,

त्रास वाचेल. कोणाचा?

तीन दिवस मी तुमच्या कंपनीच्या पानावर बसले होते. तिथे कोणीही तुकडा चिकटवून त्याची भाषा विचारू शकतो. मी माझ्या त्रेचाळीस मुलांचे प्रोग्रॅम एकेक करून चिकटवले. सगळे पायथन. चौदा चुकले. ओतूरच्या पप्पूने एसटी किती मिनिटं उशिरा येते त्याचा प्रोग्रॅम लिहिलाय. त्यात let म्हणजे लेट. तुमचं मशीन म्हणतं जावास्क्रिप्ट. पप्पू म्हणाला, "घ्या, एसटीनं माझी भाषा बी बदलली, मॅडम." वर्ग हसला. मला हसू आलं नाही.

त्यांत श्रेयाचा शेवटी चिकटवला. कॉटलिन एकाहत्तर, पायथन बावीस. मग फक्त नावं बदलली. var चं vaar केलं, val चं vaal. दोन्हींत एकेक a वाढवला. पायथन चौऱ्याण्णव. ओळी त्याच, हिशेब तोच, उत्तर तेच. एक a जास्त लिहिला असता तर ती चोर ठरली नसती. दोन्ही पानं छापून ठेवली आहेत.

आता तुझं मोजणं. कॉटलिनमध्ये var नंतर नाव यावं लागतं. श्रेयाने var नंतर बरोबरीचं चिन्ह लिहिलंय. कॉटलिन ती ओळ घेणारच नाही. आणि तिथे val ला एकदा दिलेली किंमत पुन्हा बदलता येत नाही म्हणे. श्रेयाचा वाल वारागणिक बदलतो. हे मी परवा पुस्तक उघडून वाचलं. तुझं रोजचं काम आहे.

मोकळ्या जागा काढून टाकता? पायथनमध्ये ओळ किती आत सरकवली आहे त्यावर ती कोणाखाली येते ते ठरतं. तीच खूण तुम्ही पुसता आणि मग माणूस ओळखायला बसता.

आणि सगळ्यात साधी गोष्ट. चालवून का नाही पाहिलं? पायथनवर टाकायचं. चाललं तर पायथन.

सत्त्याण्णव. उरलेले तीन कोण, हे तुमच्याकडे कोणी विचारलं? तू असं लिहितोस जसं काही ते तीन दर वेळी कुठून तरी वेगळे येतात. ते वेगळे नसतात. ते इथेच राहतात. त्यांतले चौदा माझ्या बाकांवर बसतात.

मंगळवारी कळंबला गेले होते. श्रेयाची आजी, साळुबाई, ओट्यावर लसूण निवडत होती. मला म्हणाली,

"बाई, हिनं चोरलं काय नेमकं?"

"भाषा चोरली म्हणतात."

"भाषा कशी चोरत्यात? आन चोरली आसंल तर ज्याची हाय त्यानं यावं की म्होरं. म्हनावं, माझी भाषा हिच्या घरात घावली."

मी तिला काय सांगणार? वजन? पारडं?

श्रेया आत होती. बाहेर आली नाही. निकालाचा राग आहे तिला.

तू मला कागदावर लिहून दे. असा छोटा तुकडा असेल आणि त्यात आपल्याकडची नावं असतील तर मशीन चुकतं, एवढंच. खाली नाव, हुद्दा, सही. माझं म्हणणं तिथे क्लासवाल्या बाईचं म्हणणं होईल. तुझं मशीन बनवणाऱ्याचं होईल.

आणखी एक. बेल्ह्याच्या सोमवारच्या बैलबाजाराचा प्रोग्रॅम तुझा पहिला. त्यातही var होता. तो तू तुमच्या मशीनला कधी दाखवला होतास का?

रुक्साना


पुणे, १५ सप्टेंबर

मॅडम,

लिहून देता येणार नाही. नोकरीला लागताना सही केली आहे की कामाबद्दल बाहेर बोलणार नाही. ही पत्रंसुद्धा त्यात बसत नाहीत. हरकतीची रीत ठरलेली आहे. अर्ज करा, छापलेली पानं जोडा, ते बघतील.

चालवून का नाही पाहिलं, विचारता. दिवसाला चाळीस हजार उत्तरं येतात. आम्ही अकरा जण आहोत. आधी चाळायचं, मग उरलेलं चालवायचं. सगळीकडे असंच चालतं. आम्ही काही वेगळं पाप केलेलं नाही.

आता माझंही ऐका. मशीनचे शब्द मशीनचे, आपले शब्द आपले. वर्गात फार छान वाटतं. तेच घेऊन मी पुण्यात पहिल्या मुलाखतीला गेलो. फळ्यावर प्रोग्रॅम लिहायला सांगितला. मी लिहिलं bail, bajar, bhav. प्रोग्रॅम बरोबर होता. समोरच्या माणसाने तो पूर्ण वाचलाही नाही. म्हणाला, "ये घर पे लिखना." पाच मिनिटांत मी बाहेर. त्यानंतर तीन महिने मी स्वतःची नावं विसरायची सवय करत होतो. हात bhav लिहायचा, मी पुसून price करायचो.

आपले शब्द नारायणगावच्या पुढे चालत नाहीत, हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. तुम्हाला माहीत होतं का? माहीत असून शिकवलंत, की माहीतच नव्हतं? जे असेल ते श्रेयालाही सांगा.

माझ्यावर ओरडणं सोपं आहे. मी ओळखीचा आहे.

आदेश


कळंब, १७ सप्टेंबर

मॅडम,

तुमचा निरोप अक्षदाने क्लासवरून येऊन दिला. क्लासला मी येणार नाही. पंचवीस तारखेला पुण्याला पण येणार नाही. तोंडी सांगितलं तर तुम्ही मला बोलू देणार नाही म्हणून चिठ्ठी अक्षदाकडेच देते.

तुम्ही आजीला सांगितलं की कंपनीवाले मला चोर म्हणतात. मी आतून ऐकत होते. कंपनीवाल्यांनी कागदावर लिहिलं. तोंडावर तुम्ही म्हणालात.

त्या सोमवारी निकाल घेऊन मी पळत जिना चढून आले. मला वाटलं तुम्ही म्हणाल, हे कायतरी चुकलंय. तुम्ही कागद वाचला आणि म्हणालात, "खरं सांग, कुठून उतरवलंस?" मी म्हणाले, नाही उतरवलं. तुम्ही म्हणालात, "मशीनचं काय तुझ्याशी वैर आहे?" सगळे बघत होते. खाली परवेजभाईंच्या दुकानात गिऱ्हाईक होतं, त्याने पण ऐकलं. दुसऱ्या दिवशी परत तेच. तिसऱ्या दिवशी तुम्ही मला फळ्यासमोर उभं केलं आणि म्हणालात, लिही आता इथं. मी लिहिलं. अकरा ओळी. तुम्ही खडू माझ्या हातातून घेतला आणि खुर्चीवर बसलात. तेव्हा तुम्हाला कळलं.

कॉटलिन हा शब्द मी त्या निकालात पहिल्यांदा वाचला. मला ते कापडाचं नाव वाटलं.

मशीन मला ओळखत नाही. मशीनचा मला राग नाही. तुम्ही दीड वर्ष माझ्या वह्या तपासल्या. लाल पेनाने तुम्हीच लिहायचात, var छान, नाव सोपं ठेवलंस. त्याच वहीत बघायचं होतं ना.

आता तुम्ही कंपनीशी भांडताय ते माझ्यासाठी का तुमच्यासाठी, मला कळत नाही.

आजी म्हणती जा. मी नाय जाणार.

श्रेया


जुन्नर, १९ सप्टेंबर

आदेश,

सोबत श्रेयाच्या पत्राची झेरॉक्स आहे. ती आधी वाच, मग हे.

तिने लिहिलंय त्यातला शब्दही खोटा नाही. मी तुला ते सांगितलं नाही. 'निकालाचा राग आहे तिला' असं लिहिलं. तू विचारलंस, मुलीने स्वतः लिहिलंय याची खात्री आहे ना, आणि मी तुझ्या अंगावर आले. तो प्रश्न मी तुझ्याआधी विचारून मोकळी झाले होते. तुझ्यापेक्षा वाईट शब्दांत, आणि बेचाळीस पोरांसमोर. छापलेल्या आकड्याशेजारी टक्क्याचं चिन्ह होतं. त्याच्यापुढे मला दीड वर्षाच्या वह्या आठवल्या नाहीत.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर. मला माहीत नव्हतं. मी जुन्नरबाहेर कधी नोकरी केली नाही. तिकडे गेलेल्या मुलांचं काय होतं ते मला येऊन सांगितल्याशिवाय कळणार नाही. तू पेढे सांगायला आलास. फळा सांगायला आला नाहीस. आला असतास तर मी श्रेयाला var लिहू दिलं असतं की नाही, हे मला आत्ता सांगता येत नाही. पण सांगणं तुझं काम होतं.

तरीही हे लिहून ठेवते. प्रोग्रॅम चालतो. चालणाऱ्या प्रोग्रॅमला चूक म्हणणारं मशीन चूक आहे. त्यात माझी चूक मिसळून तुझी पातळ करू नकोस.

एका प्रश्नाचं उत्तर तू दिलेलं नाहीस. बैलबाजाराचा प्रोग्रॅम. हो की नाही?

सहा दिवस राहिले.

रुक्साना


पुणे, २२ सप्टेंबर

मॅडम,

हो. दाखवला होता.

गेल्या वर्षी सप्टेंबरात मशीन तपासायचं काम माझ्याकडे होतं. तपासायला असे तुकडे लागतात जे त्याने आधी कधी पाहिलेले नाहीत. पाचशे तुकडे जमवले होते. माझ्याकडे क्लासचा जुना पेन ड्राइव्ह होता, आमच्या बॅचचे साठ प्रोग्रॅम. मला वाटलं, हे तर नक्कीच कोणी पाहिलेले नाहीत. आनंदाने टाकले. साठांतले एकोणीस चुकले. माझा बैलबाजार त्यात होता. मशीन म्हणालं, जावास्क्रिप्ट. एकूण आकडा सत्त्याण्णववरून चौऱ्याण्णववर आला.

चुकलेले तुकडे मोठ्या पडद्यावर लावून सगळे मिळून बघतात. पहिलाच आमच्या बॅचच्या भगवंतचा निघाला, भाजीचा. वरच लिहिलेलं, gavar = 60. मागून कोणीतरी म्हणालं, "अरे, ये गँवार कौन है? साठ साल का?" सगळे हसले. टीम लीडपण. कोणी वाईट मनाने हसलं असं मी म्हणणार नाही. गवार ही भाजी आहे, एवढं सांगायला चार शब्द लागले असते. मी म्हणालो, चुकून आलेला फोल्डर आहे. आणि सगळ्यांसमोर तो पुसला. पुसायला कोणी सांगितलं नव्हतं. पडद्यावर परत सत्त्याण्णव आले. त्याच सत्त्याण्णवचे पेढे मी तुमच्याकडे आणले.

अहवालात मी लिहिलं, "साठ तुकडे सदोष असल्याने वगळले." सही माझी आहे.

मागच्या पत्रात मी मुलाखतीचं लिहिलं ते खरं आहे. पण ते लिहिलं कारण हे लिहायचं नव्हतं.

श्रेयाचं पत्र चार वेळा वाचलं. ती म्हणते मशीनचा राग नाही. मशीनला तिने ओळखलं नाही, एवढंच. त्यात मी होतो.

सोबत वेगळा कागद आहे. सगळं लिहिलंय. तारीख, साठ, एकोणीस, पडद्यावर काय झालं, कोणी वगळलं. खाली नाव, हुद्दा, सही. तुम्ही मागितलं होतं तसं.

एकच विनंती. जमलं तर नाव आणि सही झाकून झेरॉक्स काढा. मूळ कागद दाखवलात तर माझी नोकरी जाईल. बेल्ह्याला घरी अजून काही बोललो नाही.

आदेश


जुन्नर, २४ सप्टेंबर

आदेश,

कागद मिळाला.

नाव झाकणार नाही. कोणी लिहिलं ते दिसत नाही, पण मानायचं मात्र सगळ्यांनी, असा एक कागद श्रेयाला आधीच आलेला आहे. त्याला उत्तर म्हणून मी तसाच दुसरा नेणार नाही.

तुझी नोकरी गेली तर मला बरं वाटेल असं समजू नकोस. मी ते चार वेळा मनात घोळवलं आणि चारही वेळा श्रेया एका बाजूला राहिली, तू दुसऱ्या. तिने काही केलेलं नाही. तू केलंयस. तुझ्यावरचा माझा राग कागद वाचून कमी झाला नाही. वाढला. तू न समजता चुकला असतास तर मी तुला समजावलं असतं. तुला सगळं समजत होतं.

एवढं करते. उद्या साडेनऊपर्यंत मी पुण्याच्या कार्यालयाच्या जिन्यात थांबेन. तू स्वतः आलास तर कागद तुझ्या हातात देईन. मग काय सांगायचं ते तू तोंडाने सांग. नाही आलास तर दहा वाजता मी देईन. हे पत्र तुला वेळेत मिळणार नाही, म्हणून हेच फोनवर मेसेज करून कळवलं आहे. तू वाचल्याची खूण दिसली.

आज कळंबला जाऊन आले. या वेळी श्रेया ओट्यावरच होती. मी उभ्याउभ्याच म्हणाले, "चुकले मी. सगळ्यांसमोर विचारलं होतं, आज वर्गात सगळ्यांसमोर सांगून आले."

"काय सांगितलंत?"

"की तू उतरवलं नव्हतंस, आणि मी तुझी वही न बघता बोलले."

"पप्पू काय म्हणाला?"

"काही नाही. मान खाली घातली."

"तो पण हसला व्हता त्या दिवशी," ती म्हणाली.

साळुबाई आतून ओरडली, "आगं, बाई घरी आल्यात, च्या तरी टाक."

"तूच टाक."

साळुबाईने चहा केला. मी घेतला. तुझा कागद श्रेयाला वाचायला दिला. गवारीपाशी आल्यावर ती थांबली, बोट ठेवून परत वाचलं.

"हा कुठला?"

"बेल्ह्याचा."

"मग याला वाल म्हाईत व्हता," ती म्हणाली. "मशीनला नव्हता. याला व्हता."

मला वाटलं ती कागद फाडेल. तिने नीट घडी घालून परत दिला.

"येते मी उद्या," म्हणाली. "नाव झाकायचं नाय. आन गाडीत माझ्याशी बोलायचं नाय."

रुक्साना


२५ सप्टेंबर

कालचं पत्र पेटीत टाकायचं राहिलं, म्हणून त्याच कागदावर खाली लिहिते.

आज सकाळी साडेनऊपर्यंत जिन्यात थांबलो. तू आला नाहीस. दहा वाजता मी कागद दिला, नावासकट. समोर तिघे होते. त्यांनी तो वाचला, बाहेर जाऊन बोलले, परत आले. मग श्रेयाचा प्रोग्रॅम पायथनवर चालवला. एक सेकंदही लागला नाही. उत्तर बरोबर आलं. var म्हणजे काय, असं एकाने विचारलं. श्रेयाने सांगितलं. बंदी उठवली. प्रशिक्षणाच्या जागा मागच्या आठवड्यातच भरल्या आहेत. पुढची परीक्षा मार्चमध्ये. बंदी उठवल्याचं मेलने कळवू म्हणाले. श्रेया म्हणाली, कागदावर द्या. शिक्का मारून मिळायला पाऊण तास गेला. तोवर ती उभी होती. कागद मिळाल्यावर तिने तो पूर्ण वाचला, पिशवीत ठेवला, आणि माझ्यासाठी न थांबता जिना उतरून गेली.